खाण शोधताय चंद्रपुरात, सोनं धुतलं जातंय झवेरी बाजारात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सोन्याच्या शोधावर अख्खं पान आलं होतं ते वाचलं. फोटो झकास होते, परदेशातली कुठलीतरी नदी, गुडघाभर पाण्यात उभा असलेला गोरा माणूस, हातात हिरवी प्लास्टिकची थाळी आणि थाळीच्या तळाला चार पिवळे कण. पान छानच होतं, पण झालंय काय की आमच्या बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या दोन पोरांनी तेव्हापासून माझं डोकं खाल्लंय. काका ती थाळी ऑनलाइन मिळते, मागवू का, उल्हास नदीत चालेल का, वैतरणेत चालेल का, तानसा? मला विचारायचं कारण एवढंच की आम्ही गलाईवाले. मूळ गाव सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, वडिलांनी काळबादेवीत भट्टी लावली, पुढे मी चालवली, आता मुलगा बघतो. सोनारांकडची मोड, पॉलिशची माती, भट्टीची राख, फुटक्या मुशी म्हणजे सोनं वितळवायची भांडी, कारखान्यातल्या जुन्या चटयासुद्धा, हे सगळं विकत घ्यायचं, जाळायचं, गाळायचं आणि त्यातून सोनं-चांदी वेगळी काढायची. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं हाच धंदा घेऊन देशभर पसरलीत, कुठल्याही राज्यातल्या सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत कोणीतरी आपल्या मराठीत शिव्या देताना सापडेलच. तर सोनं कशातून किती निघतं यावर दोन शब्द बोलायचा आपल्याला हक्क आहे असं धरून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं झालं तर वरचं कापा, खालचं ठेवा.

पोरांना जे सांगितलं ते आधी सांगतो. उल्हास काय नि वैतरणा काय, या नद्या ज्याच्यावरून येतात तो सगळा काळा पाषाण, बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थंड झालेला. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, आमचं खानापूरसुद्धा, सगळं त्याच्यावरच बसलंय आणि काढण्यासारखं सोनं त्यात नसतं. ते असतं त्याहून कितीतरी जुन्या खडकात, पांढऱ्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या शिरांमध्ये, कर्नाटकात कोलारला, हट्टीला, आणि आपल्याकडे म्हणाल तर पार विदर्भात, जिथे हा काळा पाषाण संपतो तिकडे. म्हणजे हिरवी थाळी घेऊन उल्हास नदीत उभे राहिलात तर हाताला लागणार गाळ, प्लास्टिक आणि कंपन्यांचं सांडपाणी, वर खरूज फुकट.

आणि पिवळं चमकलं की सोनं असंही नसतं. माक्षिक म्हणून एक खनिज येतं, लोखंड आणि गंधकाचं, भले भले फसतात त्याला. हातोडीचा एक टोला घाला, सोनं असेल तर चपटं होईल, माक्षिक असेल तर भुगा. कसोटीवर ओढा, सोन्याची रेघ पिवळी, माक्षिकाची हिरवट काळी. एवढं साधं आहे, पण लोक दहा हजार लाइक घेऊन मोकळे होतात आणि मग दगड आमच्याकडे आणतात. खरं तर आपल्या काळ्या पाषाणाची स्वतःची दौलत आहे की, विहिरी खणताना, खडी फोडताना पोकळीत सापडणारे झिओलाइट, अपोफिलाइट, स्टिल्बाइट असले स्फटिक, पुण्याजवळ वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर जगभरातल्या दगडवेड्यांना माहीत आहे, सिन्नरला गारगोटी नावाचं म्युझियम आहे त्यांचं. त्याच्यावर कधी पान काढलंत का? जाऊ दे, तो वेगळा विषय.

आता तुमच्याबद्दल, म्हणजे एकूणच पेपर आणि चॅनलवाल्यांबद्दल. फेब्रुवारी २०२० आठवा, उत्तर प्रदेशात सोनभद्रला ३,००० टन सोनं सापडलं म्हणून नुसता धुमाकूळ. मग जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने खुलासा केला की असलं काही आम्ही म्हटलेलंच नाही, आमच्या हिशोबाने तिथे साधारण ५२,८०६ टन खनिज आहे आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं, म्हणजे सगळं मिळून १६० किलोच्या आसपास. कुठे ३,००० टन आणि कुठे १६० किलो! त्याच्याही आधी २०१३ मध्ये उन्नावच्या डौंडियाखेड्यात एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं, तर पुरातत्त्व खातं कुदळ-फावडी घेऊन हजर, ओबी व्हॅनची रांग, बघ्यांची जत्रा, आणि हाती भोपळा. आपल्याकडे २०२२ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मिंझरी आणि बामणीला सोन्याचे साठे आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा व्हॉट्सअॅपवर तर लोकांनी विदर्भ दुबई करून टाकला होता.

मी असं म्हणत नाही की चंद्रपुरात सोनं नाही. असेलही. पण साठा आहे हे कळणं आणि खाण चालणं या दोन गोष्टींत अख्खी हयात जाते. सरकारी शोधाच्या पायऱ्या असतात, जी-४ म्हणजे नुसती चाहूल, मग जी-३, जी-२, आणि जी-१ म्हणजे जवळजवळ भोकं पाडून मोजून घेतलेलं. तुम्ही बातमी देताना फक्त दोन गोष्टी छापा, पायरी कितवी आणि टनाला ग्रॅम किती. "लाखो टन" छापू नका, दगडाचे टन आणि सोन्याचे टन यातला फरक वाचकाला कळत नाही आणि खरं सांगायचं तर बातमी लिहिणाऱ्यालाही कळत नाही असा माझा संशय आहे. टनाला तीन ग्रॅम म्हणजे काय, तर एक टन दगड जमिनीतून काढायचा, फोडायचा, पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात भिजवायचा, आणि शेवटी एक बारीकशी अंगठी, तीही दगड न बसवलेली.

कोलारचंच बघा ना. १८८० पासून इंग्रजांच्या कंपनीने तिथे काम वाढवलं, खाणीसाठी म्हणून १९०२ मध्ये शिवसमुद्रहून वीज आणली, तेव्हा देशातल्या बहुतेक शहरांना वीज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तीन किलोमीटरच्या खाली गेले, शेकडो टन सोनं काढलं, आणि शेवटी दगडातलं सोनं कमी होत गेलं, खोली वाढत गेली, खर्च निघेना, २८ फेब्रुवारी २००१ ला टाळं. आज तिथे सायनाइड लावून टाकलेल्या मातीच्या टेकड्या आहेत, वारा सुटला की धूळ वस्तीत. हट्टीची खाण चालू आहे, वर्षाला दीड टनाच्या आसपास काढते, आणि आपण हिंदुस्थानी लोक वर्षाला ७००-८०० टन सोनं घेतो. म्हणजे आपल्या खाणींचं सोनं लग्नसराईच्या एका दिवसालाही पुरायचं नाही.

शेअर बाजाराच्या लोकांसाठी एक जुनी गंमत सांगून पुढे जातो, सध्या सोन्याच्या खाणीत पैसे लावा म्हणून मेसेज फिरतायत म्हणून. १८८० च्या सुमाराला वायनाड आणि त्याला लागून नीलगिरीतल्या देवाला-पंदलूर भागात सोनं आहे म्हणून लंडनमध्ये तीसहून जास्त कंपन्या निघाल्या, लोकांनी धडाधड शेअर घेतले, मळ्यांच्या जमिनी कायच्या काय भावाला गेल्या, मशिनरी बोटीने आली, आणि दोन-चार वर्षांत सगळं बसलं. सोनं होतं हो, पण टनाला इतकं कमी की मजुरी निघेना. पैसे कमावले ते शेअर विकणाऱ्यांनी.

कायद्याचंही पोरांना सांगितलं. १९५७ चा खाण आणि खनिज कायदा आहे, त्याच्या कलम ४ प्रमाणे परवाना किंवा लीज असल्याशिवाय खनिजाचा शोधही घ्यायचा नाही आणि काढायचंही नाही, कलम २१ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. २०१५ पासून लिलाव आला, २०२३ च्या दुरुस्तीत सोन्यासकट खोलातल्या खनिजांसाठी शोधाचं वेगळं लायसन्स आलं, म्हणजे हे सगळं मोठ्या कंपन्यांचं काम. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी, छत्तीसगडात इब नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुणारी माणसं आहेत, दिवसभर पाण्यात उभं राहून तांदळाच्या कणीएवढं सोनं आणि ते गावातला दलाल सांगेल त्या भावाला, पण त्यांना कंपनीच्या रांगेत उभं करून लिलावात बोली लाव म्हणणार का? आणि ती मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्यांवर फिरणारी मंडळी, त्यांना कोणीतरी १८७८ चा निखात निधी कायदा वाचून दाखवा, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, घरी नेता येत नाही.

इथपर्यंत नमनाला घडाभर तेल झालं. मुद्दा पुढे आहे.

सोनं धुणारा माणूस बघायला तुम्हाला परदेशातली नदी लागली, साहेब. तुमच्या ऑफिसपासून टॅक्सीने झवेरी बाजारात यायला किती वेळ लागतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा. धनजी स्ट्रीट, विठ्ठलवाडी, भुलेश्वरच्या आतल्या गल्ल्या, इथे माळ्या-माळ्यावर बंगाली कारागीर बसलेत, एका खोलीत आठ-दहा जण, मांडीसमोर लाकडी पाट, हातात कानस. कानस मारली की कीस उडतो, पॉलिश केलं की धूळ उडते, ती कपड्यात जाते, केसात जाते, चपलेच्या तळव्याला चिकटते. मालक हुशार असतो, हात धुवायचं पाणी ड्रमात साठवतो, खोली झाडली की कचरा डब्यात, दिवाळीच्या आधी सगळा माल आमच्यासारख्या गलाईवाल्याला. तरी जे निसटायचं ते निसटतंच, जिन्यावर, गल्लीत, मोरीतून गटारात. आणि तिथून पुढे ते घमेलेवाल्यांचं. जुनी माणसं त्यांना झारेकरी म्हणायची, आता सगळे घमेलेवालेच म्हणतात.

दुकानं बंद झाली की किंवा पहाटे उजाडायच्या आत ते येतात. एकाकडे झाडू आणि सुपली, दुसऱ्याकडे तारेचा ब्रश, फरशीच्या फटीत ब्रश घालून आतला मळ ओढून काढतो, इंचाइंचाने, दात घासावेत तसा. तिसरा गटाराचं झाकण सरकवून आत उतरतो, कमरेपर्यंत, हातमोजे नाहीत, बूट नाहीत, आणि काळा गाळ घमेल्यात भरून वर देतो. मग घमेल्यात पाणी घालून ते फिरवायचं. बघायला सोपं वाटतं, करून बघा. मनगटाला एक हिसका असतो, हलकं वर येतं ते काठावरून सांडून द्यायचं, परत पाणी, परत हिसका. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू पावणेतीन पटसुद्धा नाही, म्हणून सोनं तळ सोडत नाही, तुमच्या त्या हिरव्या थाळीचंही तत्त्व हेच. शेवटी वाटीभर काळी रेती राहते, तिच्यातून लोहचुंबक फिरवायचं, टाचण्या, लोखंडी कीस, ब्लेडचे तुकडे उचलले जातात. उरतं त्यात सोनं असतं पण डोळ्याला दिसत नाही.

इथे पारा येतो. आणि मी पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं तेही इथेच आहे.

त्या काळ्या रेतीत पारा टाकून उघड्या तळहाताने चोळतात. पारा सोन्याला पकडतो, रेतीला पकडत नाही. मग फडक्यात घालून पिळायचं, जादा पारा खाली गळतो तो परत बाटलीत, फडक्यात राखाडी गोळी राहते हरभऱ्याएवढी. ती गोळी पळीत ठेवून स्टोव्हवर. पारा ३५७ अंशाला उकळून उडून जातो, सोनं वितळायला १०६४ अंश लागतात, म्हणून पळीत सोनं उरतं, स्पंजासारखं भोकाभोकाचं. पण उडून गेलेला पारा जातो कुठे? धूर दिसत नाही, वास येत नाही, रंग नाही. तो स्टोव्ह असतो दहा बाय दहाच्या खोलीत, तिथेच भाकऱ्या होतात, तिथेच पोरं झोपलेली. वाफ थंड झाली की भिंतीवर बसते, गोधडीवर बसते, आणि खोली तापली की परत थोडी थोडी हवेत. आमच्याकडे माल घेऊन येणारे एक म्हातारबाबा होते, चहाचा कप त्यांना एका हाताने धरता यायचा नाही, कप बशीवर खुळखुळायचा. सगळे म्हणायचे दारू पितो. माणूस माळकरी होता. पुढे सरकारी हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टर बाईने विचारलं, बाबा काम काय करता, तेव्हा पाऱ्याचं नाव निघालं, तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

काही जण पारा जाळत नाहीत, तेजाबात टाकतात. नायट्रिक अॅसिड पारा खातं, तांबं-चांदीही खातं, सोनं सोडून देतं. आम्ही गलाईवाले सोनं शुद्ध करतो तेही तेजाबानेच, सोन्यात चांदी मिसळून सोनं चौथाईवर आणायचं आणि मग उकळायचं, चांदी विरघळते, खाली तपकिरी माती राहते, ती माती म्हणजेच शुद्ध सोनं, मुशीत सवागी म्हणजे टाकणखार, बोरॅक्स घालून वितळवली की पिवळी होते. पण ते करताना जो तांबूस पिवळा धूर निघतो तो फार वाईट. त्या वेळी नुसता खोकला येतो, माणूस म्हणतो काही नाही, घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊन रात्री श्वास कोंडतो. काळबादेवीचे रहिवासी आमच्या चिमण्यांवर ओरडतात, पालिका येऊन चिमण्या तोडते, मी त्यांच्या बाजूने आहे, धूर रहिवाशांच्या खिडकीत जायला नकोच. पण चिमणी तोडली म्हणून काम थांबलं असं वाटतं का तुम्हाला? चिमणी नसलेल्या खोलीत गेलं, एवढंच.

जगात हाच धंदा छोट्या माणसाने केला की त्याचं काय होतं ते दिसतंच आहे. संयुक्त राष्ट्रांचे पर्यावरणवाले सांगतात की माणूस हवेत जेवढा पारा सोडतो त्यात सगळ्यात मोठा वाटा या छोट्या सोनेवाल्यांचा आहे, वीजघरांपेक्षाही जास्त. घानामध्ये नद्या चहासारख्या झाल्यात. दक्षिण आफ्रिकेत बंद खाणींत चोरून उतरणारी गरीब माणसं, पोलिसांनी रसद तोडली आणि जानेवारी २०२५ मध्ये स्टिलफाँटेनच्या एका खाणीतून ७८ मृतदेह वर काढावे लागले. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला २०१३ मध्ये, भारताने २०१८ मध्ये तो मान्य केला. तो मान्य केल्याची बातमी झवेरी बाजाराच्या गटारापर्यंत आली नाही बहुतेक.

यांचा प्रॉब्लेम असा की ते कुठल्याच खात्यात बसत नाहीत. खाण खात्याला विचारा, म्हणेल गटार म्हणजे खाण नव्हे, बरोबर आहे. कामगार खातं विचारेल मालक कोण, मालक नाही. गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, पण तो उतरवणाऱ्याला धरतो, आपल्या पोटासाठी आपणच उतरलेल्याला काय करणार? पोलीस मात्र बरोबर ओळखतात, रात्री घमेलं घेऊन फिरणारा म्हणजे चोर. तीन-चार वेळा उचलून नेलेला नाही असा घमेलेवाला मला माहीत नाही, आणि चोरी म्हणाल तर जे गटारात सोडलंत ते तुमचं कसं राहिलं? उलट सोन्याचा एक कण वाया जाऊ न देणारी ही शेवटची पायरी आहे बाजाराची, तोळा लाखाच्या पार गेल्यावर तर आणखीच.

मागणं मोठं नाही. पारा न वापरता काम होऊ शकतं, आणि त्याला लागणारी वस्तू आपल्या प्रत्येक सोनाराच्या डबीत आहे, सवागी. फिलिपीन्समध्ये बेंगेट भागातले छोटे खाणवाले कित्येक वर्षं पाऱ्याऐवजी सवागीच वापरतात. आधी घमेल्यात नीट धुऊन माल जास्तीत जास्त जड करून घ्यायचा, मग सवागी मिसळून सरळ मुशीत, सवागीने बाकीची माती पातळ होऊन वर येते आणि सोनं तळाला बसतं. हे आम्ही गलाईवाले पॉलिशच्या मातीला करतोच की. अडचण एकच, त्याला भट्टी चांगली लागते, स्टोव्हवर होत नाही, आणि दहा बाय दहात भट्टी लावता येत नाही. म्हणून बाजाराच्या जवळ एक शेड द्या, पालिकेची एखादी पडीक चौकी चालेल, मंडईचा मागचा कोपरा चालेल. त्यात नळ, गाळ बसायला दोन टाक्या म्हणजे धुतलेलं पाणी परत गटारात काळं जाणार नाही, एक सामाईक भट्टी, आणि तेजाबाच्या धुरासाठी पंखा नि धूर धुवायची पाण्याची टाकी, स्क्रबर म्हणतात तो. अंधेरीच्या सीप्झमध्ये एक्स्पोर्टचे कारखाने हे सगळं करतातच, आकाशातून आणायचं नाहीये. आणि तोपर्यंत ज्यांना पारा सुटतच नाही त्यांच्यासाठी निदान बंद डबा, लोखंडी, झाकण घट्ट, वरून एक नळी वाकवून पाण्याच्या बादलीवर आणलेली, आत गोळी ठेवून खालून आच द्या, वाफ नळीत थंड होऊन पारा बादलीत परत. कुठलाही वेल्डर दुपारपर्यंत करून देईल, पाराही वाचतो, म्हणजे पैसाही वाचतो, हे सांगितलं तर ऐकतात लोक. आजार होईल सांगितलं तर ऐकत नाहीत, माझा अनुभव.

त्याबरोबर ओळखपत्र द्या, म्हणजे रात्रीची उचलबांगडी थांबेल, आणि वर्षातून एकदा लघवीची पाऱ्यासाठी तपासणी, बायका-पोरांचीसुद्धा. पैसे कोण देणार म्हणाल तर बाजारातल्या सराफांनी द्यावेत, मी आमच्या गलाईवाल्यांनाही यात धरतो, कारण त्या स्पंजासारख्या गोळ्या शेवटी आमच्याच काट्यावर येतात आणि टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढताना आम्ही दोन पैसे खाली-वर करतोच, उगाच साळसूदपणा कशाला.

आमच्या मुलाचं म्हणणं असं की बाबा, हे सगळं दहा-पंधरा वर्षांत आपोआप संपणार आहे, नवीन कारखान्यात धूळ ओढणारी मशिनं बसलीत, टाकीला फिल्टर आहे, गटारात काही जातच नाही, घमेलेवाल्यांची पोरं स्विगी-झोमॅटोला लागलीत, कशाला डोकं घालतोस. खरं आहे त्याचं. माल कमी झालाय, पूर्वी एका गल्लीत रोजी निघायची तिथे आता चार गल्ल्या लागतात. पण माल कमी झाला की माणूस पारा जास्त घालतो, बारीक सोनं सुटू नये म्हणून, हे त्याला भट्टीवर बसून कळेल.

तुमचा बातमीदार पाठवणार असाल तर दिवसा पाठवू नका, दिवसा तिथे फक्त गिऱ्हाईक आणि हातगाड्या. पहाटे साडेचार-पाचला मुंबादेवीच्या बाजूने आत यायला सांगा, साडेसहाला पालिकेचा झाडूवाला आला की हे लोक उठून जातात. कॅमेरा आधी काढू नका, आधी चहा पाजा. आणि काय वापरता विचारलं तर पहिल्यांदा कोणी पारा म्हणणार नाही, "औषध" म्हणतील. औषधाची बाटली दाखवा म्हणा, साध्या पाण्याच्या बाटलीत असते, हातात घेतली की वजनावरून कळेल.

आपला,
एक गलाईवाला वाचक,
काळबादेवी, मुंबई